घंगाळाचा भाव

गेल्या वर्षी ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. नव्या घराची चावी हातात पडेपर्यंत कोलशेतला भाड्याच्या वन बीएचकेत राहायचं ठरलं. तीन खोल्या आणि वर लाकडी माळा, एवढा पसारा तिथे मावणं शक्यच नव्हतं. म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. रद्दी गेली, गंजलेला कूलर गेला, बाबांचा टेबलफॅन गेला. मग माळ्यावरून पितळी घंगाळ खाली उतरलं. भंगारवाल्याने ते काट्याला अडकवलं, पाच किलो आठशे ग्रॅम भरलं, आणि त्याने मोडीचा भाव सांगितला. तेवढ्यात आई बाहेर आली.

"ते नाही द्यायचं."

घरात गिझर आल्यापासून त्या घंगाळात कोणी पाणी काढलेलं मला आठवत नाही. वीसेक वर्षं तरी ते माळ्यावर उपडं पडून होतं. कशाला हवंय म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "असू दे."

त्या 'असू दे'चा अर्थ लावण्याच्या नादात मी बरंच काही वाचलं. माणसं विशिष्ट वस्तूंना जीव का लावतात, यावर मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन्ही शास्त्रांनी गेल्या काही दशकांत बारकाईने काम केलं आहे. ते इथे सोपं करून सांगतो. घंगाळ मध्ये मध्ये येत राहील.

पहिली गोष्ट अशी की त्या घंगाळाला एक नाही, तीन भाव आहेत. तसंच नवं घ्यायला जांभळी नाक्याला गेलो तर दुकानदार सांगेल तो बाजारभाव. भंगारवाला सांगतो तो मोडीचा भाव. त्यात घडणावळ धरत नाहीत, फक्त तांबं आणि जस्त मिळून झालेल्या धातूचं वजन धरतात. हे दोन्ही भाव कोणालाही विचारता येतात. तिसरा आईच्या मनातला. तो ना काट्यावर दिसतो, ना पावतीवर. मराठीत किमतीलाही भाव म्हणतात आणि मनात असतो त्यालाही भावच म्हणतात, ही आपल्या भाषेने आयती करून ठेवलेली सोय.

या तिसऱ्या भावाचा अगदी साधा नमुना प्रयोगशाळेत सापडला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक मग दिला. दुकानात त्याची किंमत 6 डॉलर. ज्यांना मग मिळाला त्यांना विचारलं, केवढ्याला विकाल? ज्यांना मिळाला नाही त्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? खरं तर दोन्ही आकडे जवळपास यायला हवे होते, कारण मग कोणाला द्यायचा हे केवळ योगायोगाने ठरलं होतं. प्रत्यक्षात विकणाऱ्यांचा मधला आकडा सव्वापाच डॉलर आला आणि घेणाऱ्यांचा सव्वादोन ते पावणेतीनच्या आत राहिला. हा अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. पुढे कानमन यांना 2002 मध्ये आणि थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अर्थात त्यांच्या एकूण कामासाठी.

कारण असं दिलं जातं की मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख माणसाला मोठं वाटतं, ढोबळमानाने दुप्पट. शंभराची नोट सापडली तर संध्याकाळपर्यंत विसरते. हरवली तर आठवडाभर खिसे चाचपतो. वस्तू एकदा 'माझी' झाली की तिला विकणं म्हणजे कमावणं राहत नाही, ते गमावणं होतं.

पण मला हे स्पष्टीकरण अर्धंच वाटतं. त्या विद्यार्थ्यांच्या हातात मग काही मिनिटंच होता. शिवाय आमच्याच घरात उलटा पुरावा आहे. मला कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा फीसाठी आईने हातातल्या पाटल्या मोडल्या. गोखले रोडवरच्या सराफाकडे तीच मला घेऊन गेली. त्याने वजन केलं, घट धरली, पैसे दिले, आणि येताना आम्ही उसाचा रस पिऊन परत आलो. रडणं नाही, 'असू दे' नाही. त्या पाटल्यांच्या पैशात तशी कितीतरी घंगाळं आली असती. मग पाटल्या सुटल्या आणि घंगाळ सुटत नाही, हे कसं?

कारण सोनं आपल्याकडे मुळात अडीअडचणीसाठीच अंगावर असतं. मोडीचा भाव बाजारभावाच्या इतका जवळ राहणारी घरातली ती बहुधा एकमेव वस्तू. 22 कॅरट म्हणजे हजारात 916 भाग सोनं. ते कोणाच्याही पाटल्यांतलं असो, वितळल्यावर एकसारखंच. एका तोळ्याची जागा दुसरा तोळा घेऊ शकतो. जिची जागा दुसरी घेऊ शकते ती वस्तू मौल्यवान असेल, पण जिवाभावाची असेलच असं नाही. (मंगळसूत्राची गोष्ट वेगळी. तेही सोनंच, पण ते मोडायचा विषय निघाला की आवाज खाली येतात.)

बँकेच्या लॉकरचा नियम पाहिला तर हे आणखी उघडं पडतं. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. म्हणजे भाडं 4,000 रुपये असेल तर जास्तीत जास्त 4 लाख. आत काय आहे हे बँकेला ठाऊकच नसतं, त्यामुळे हिशोब भाड्यावरून करावा लागतो. आत हार असो की आजोबांची पत्रं, आकडा तोच. तिसऱ्या भावासाठी कोणत्याही अर्जात रकाना नाही.

आता मूळ प्रश्न: कुठल्या वस्तू जिवाभावाच्या होतात?

हा प्रश्न मिहाय चिकसेंटमिहाय आणि युजीन रॉचबर्ग-हाल्टन या दोन संशोधकांनी शिकागो परिसरातल्या 82 कुटुंबांत घरोघरी जाऊन विचारला. नातवंडं, आईवडील, आजीआजोबा अशा तिन्ही पिढ्यांतली 315 माणसं. तुमच्या घरातली कोणती वस्तू तुम्हाला खास वाटते आणि का? 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत जास्त वेळा नाव निघालं ते फर्निचरचं, मग चित्रांचं आणि फोटोंचं. त्याहून महत्त्वाची होती कारणं. किमतीचा उल्लेख क्वचित. आठवणी, नाती आणि त्या वस्तूशी जोडलेली माणसं, हेच पुन्हा पुन्हा. पिढीचा फरकही ठळक होता. तरुणांना त्या वस्तू प्रिय, ज्यांच्यासोबत काहीतरी करता येतं: स्टिरिओ, वाद्यं, खेळाचं सामान. वय वाढतं तसा माणूस ज्या नुसत्या बघायच्या असतात त्यांच्याकडे झुकतो.

आमच्या इमारतीतही नेमकं तेच दिसलं. सामान हलवायच्या आठवड्यात जिन्यात उभं राहिलं की कोण काय स्वतःच्या हाताने उतरवतंय ते कळायचं. बाकी सगळं टेम्पोवाल्यांच्या डोक्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने गिटार पाठीला लावली. त्याच्या आईने मिक्सर उचलला, कारण तो नवा होता. आणि तळमजल्यावरचे काका एक जुना लिफाफा खिशात घालून रिक्षात बसले. आत एचएमटीचं चावीचं घड्याळ. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा मिळालेलं. एचएमटीने जपानच्या सिटीझन कंपनीच्या मदतीने 1961 मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली होती. आज तो विभागही बंद आणि काकांचा कारखानाही. घड्याळ रोज चावी दिली तर अजून चालतं, असं काका सांगतात. ते मनगटावर मात्र कधी घालत नाहीत.

रसेल बेल्क या अभ्यासकाने 1988 मध्ये मांडलेली कल्पना काकांना चपखल बसते. माणसाचा 'मी' त्याच्या कातडीपाशी संपत नाही, तो वस्तूंमध्ये पसरलेला असतो, असं तो म्हणतो. म्हणूनच घरफोडी झालेली माणसं नुकसानीच्या आकड्यापेक्षा कोणीतरी आपल्यालाच हात लावल्यासारखं वाटतं, असं सांगतात. घड्याळ म्हणजे काकांच्या पंचवीस वर्षांचा शरीराबाहेर उरलेला तुकडा.

ही कल्पना विद्यापीठात 1988 साली आली असेल. आपल्या बोलण्यात ती केव्हाची मुरलेली आहे. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढवली म्हणतो. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून नमस्कार. खंडेनवमीला वागळे इस्टेटमधल्या लहानशा वर्कशॉपातसुद्धा लेथ मशीन पुसून झेंडूची माळ घालतात, पान्यांना हळदकुंकू लागतं. यात श्रद्धा किती आणि सवय किती, हा वाद ज्याने त्याने घालावा. पण वस्तू नुसती वस्तू नसते हे धरूनच ही भाषा चालते.

पुढचा मुद्दा मला सर्वांत गमतीचा वाटतो. हुबेहूब तशीच दुसरी वस्तू दिली तर चालेल का?

ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवलं. दोन खोकी, वर दिवे आणि बटणं. एका खोक्यात वस्तू ठेवायची, आवाज होतो, आणि दुसऱ्या खोक्यातून तिची जुळी वस्तू निघते. अर्थात मागे हातचलाखी होती. साध्या खेळण्याच्या बाबतीत मुलांनी नवी प्रत खुशाल घेतली. पण झोपताना कुशीत लागणारं पांघरूण किंवा बाहुली असेल तर मुलं बिथरली. काहींनी ती यंत्रात घालायलाच नकार दिला, आणि ज्यांनी घातली त्यांतल्या बहुतेकांना आपलीच परत हवी होती. दिसायला फरक शून्य. तरीही खरी ती खरीच.

अशा कुशीतल्या वस्तूंवर ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1950 च्या सुमारास लिहिलं होतं. आई जवळ नसताना तिची जागा सांभाळणारी वस्तू, असं ते साधारण म्हणतात. आपल्याकडे तर ती वस्तू थेट घरच्या माणसाच्या अंगावरचीच असते. आजीचं जुनं लुगडं फाडून बाळाची दुपटी करतात, उरलेल्याची गोधडी शिवतात. धुवून धुवून सुती कापड मऊ झालेलं असतं, हे व्यवहाराचं कारण. पण नव्या जिवाच्या अंगाला पहिलं कापड लागतं ते कोणीतरी वापरलेलं, ही मला मोठी सुंदर रीत वाटते.

वापरलेलंच का हवं, याचाही प्रयोग झालाय. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारलं, आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीचा स्वेटर किती हवासा वाटेल? पण त्यांच्या हाती पडण्यापूर्वी तो निर्जंतुक करून दिला तर? लगेच ओढ कमी झाली. व्यक्ती नावडती असेल तर उलट, धुतल्यावर तो थोडा बरा वाटायला लागला. जणू माणसाचा काही अंश कापडात उतरतो आणि साबणाने निघून जातो. माझी आजी बोहारणीला जुना कपडा देण्याआधी त्याचा एक धागा ओढून ठेवायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. आम्ही तिला हसायचो.

आजी गेल्यावर तिची एक साडी आईने न धुता कपाटात ठेवली. तिला वास होता: कापूर, खोबरेल, थोडा तंबाखूच्या मशेरीचा. वासाचा मेंदूतला रस्ता इतर संवेदनांपेक्षा जवळचा आहे. दिसलेलं, ऐकलेलं आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावरून जातं. वास मात्र भावना आणि आठवणी हाताळणाऱ्या भागांपर्यंत जवळपास थेट पोचतो. चार-पाच वर्षांत त्या साडीचा वास उडाला. साडी अजून आहे.

स्वतः केलेल्या वस्तूचं कारण सरळ आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. डिसेंबर 2020 मध्ये तुर्भ्याला आयकिया उघडलं, तिथून आणलेला चपलांचा रॅक माझ्या भाच्याने एका रविवारी स्क्रू पिळून उभा केला. तो किंचित डावीकडे कललेला आहे. त्याला हात लावायची कोणाची टाप नाही. याला संशोधकांनी नावही आयकियाचंच दिलंय. 2012 च्या त्या अभ्यासात लोकांनी स्वतः घडी घातलेल्या कागदी बेडकासाठी नि बगळ्यासाठी सरासरी 23 सेंट मोजायची तयारी दाखवली. बाहेरच्यांनी त्याच वेड्यावाकड्या कागदांना 5 सेंट लावले. अट एकच, काम पूर्ण झालेलं हवं. अर्धवट राहिलं किंवा करून पुन्हा मोडलं तर तो जिव्हाळा उरत नाही.

काही वस्तू टेम्पोत घालून नेताच येत नाहीत. खाडीच्या पलीकडे हे जास्त कळतं. 17 मार्च 1970 ला सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. पुढे विमानतळासाठी दहा गावं उठली. जमिनीचा दर ठरवता येतो, घराचे चौरस मीटर मोजता येतात. पण विहीर, गावदेवीच्या देवळापुढचं झाड, होडी लावायची ठरलेली जागा, यांना दरपत्रकात ओळ नसते. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात पाच आंदोलकांचे प्राण गेले, आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तो लढा पोटाचा होता, त्याला हळव्या आठवणींचं प्रकरण करू नये. तरीही माझा उलव्याकडचा एक सहकारी नव्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या गॅलरीत दगडी पाटा-वरवंटा आहे. मसाला मिक्सरवरच होतो. पाटा लिफ्टने चढवला तेव्हा वॉचमनने हटकलं होतं, हे तो अजून रंगवून सांगतो.

मग सगळंच जपायचं का? नाही. वन बीएचकेत तर नाहीच. जपणं आणि साठवणं यांत फरक आहे. काहीही टाकता न येणं आणि त्यामुळे घरात वावरता न येणं हा 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र आजार मानला जातो. टाकणं सोपं करायचा एक उपाय पेनसिल्वेनियातल्या विद्यापीठाच्या वसतिगृहांत करून पाहिला गेला. काही वसतिगृहांत 'वस्तूचा फोटो काढून ठेवा आणि मग दान करा' असं आवाहन केलं, बाकीच्या ठिकाणी नुसतंच 'दान करा'. फोटोवाल्यांकडून 613 वस्तू आल्या, दुसरीकडून 533. बऱ्याचदा आपल्याला वस्तू नको असते, तिच्यातली आठवण हरवेल ही भीती असते. फोटोने ती भीती थोडी उतरते.

हा उपाय मी करून पाहिला. माझी शाळेची ढाल, बाबांची छत्री, तुटका कॅरम बोर्ड, सगळ्यांचे फोटो काढले आणि निरोप दिला. मग आईला म्हटलं, घंगाळाचाही काढू या. ती म्हणाली काढ. म्हणून ते उजळायला घेतलं. चिंच आणि मीठ लावून घासलं की त्यातल्या आम्लाने वरचा काळा थर सुटतो. काठाशी घासताना बोटांना खरखर लागली. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं.

आता ही पद्धत मागे पडली, पण पूर्वी भांड्याच्या दुकानात नाव घालून देणारा माणूस बसलेला असायचा. मांडीवर भांडं, हातात टोचा आणि छोटी हातोडी. लग्नाच्या आहेरातलं प्रत्येक पातेलं, तांब्या, फुलपात्र त्याच्या हाताखालून जायचं. कोणाला, कोणाकडून, तारीख. घरोघरच्या फडताळांत असा लेखी इतिहास पडलेला आहे आणि त्याला आपण रोज राख किंवा साबण लावतो.

घंगाळावर लिहिलं होतं: चि. सौ. कां. अमुक हिस, मामाकडून सप्रेम. 12-5-74.

ते 'अमुक' नाव मला क्षणभर कळलंच नाही. आईचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, आणि तेव्हापासून रेशनकार्ड, बँक, मतदार यादी, आधार, विजेचं बिल, सगळीकडे तेच. जुन्या नावाने हाक मारणारा मामा 1991 मध्ये गेला, मग मावशी. शाळेचा दाखला कुठे गेला, कोणाला माहीत नाही. आमच्या घरात ते नाव फक्त त्या पितळेवर उरलं आहे.

मी आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामा अंबरनाथला कामाला होता. लोकलमधून डोक्यावर घेऊन आला होता ते. डब्यातले लोक शिव्या देत होते म्हणे." हे मला पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा कळलं. घंगाळ वितळवलं असतं तर ही गोष्टही गेली असती. आणि उद्या आई नसताना ते माझ्या मुलीच्या हाती नुसतं आलं असतं, तर तिने खुशाल मोडीत दिलं असतं, तिचंही चुकलं नसतं. म्हणून त्याच संध्याकाळी आईने सांगितलेलं सगळं एका कागदावर लिहिलं, तारीख घातली. फोटोमध्ये अक्षरं दिसतात, मामाला पडलेल्या शिव्या दिसत नाहीत.

घंगाळ सध्या कोलशेतच्या बाल्कनीत आहे. जागा अडते म्हणून त्यात कोथिंबीर लावायचं आईच्याच डोक्यात आलं होतं. तळाला भोक पाडावं लागेल म्हटल्यावर तिने बाजारातून प्लॅस्टिकची कुंडी आणली.